मोटारीचा पट्टा घरच्या घरी बदलताना

ठाणे, खास प्रतिनिधी

आनंद दिघे यांनी १९७८ मध्ये सुरू केलेल्या टेंभी नाक्यावरील नवरात्रोत्सवात दरवर्षी येथील वाहतूक अन्य मार्गांवर वळवली जाते आणि आसपासच्या रस्त्यांवर वाहने गोगलगायीच्या गतीने सरकतात. इंजिन सुरू, एसी सुरू आणि मोटार मात्र जागच्या जागी. अशा वेळी बॉनेटखालून कर्कश किंचाळी ऐकू आली, तर बहुधा ती इंजिनाच्या बाजूने नागमोडी फिरणाऱ्या रबरी पट्ट्याची असते. त्याचे नाव सर्पेंटाइन बेल्ट. गॅरेजमध्ये मात्र त्याला आजही सर्रास ‘फॅन बेल्ट’ म्हणतात, मग त्यावर पंखा फिरत असो वा नसो.

पूर्वी मोटारींत प्रत्येक यंत्रासाठी व्ही आकाराचे वेगवेगळे पट्टे असत. १९७९ च्या फोर्ड मस्टँगपासून एकाच रुंद, उभ्या धारा असलेल्या पट्ट्यावर सारी यंत्रे चालवण्याची पद्धत रुळू लागली. क्रँकशाफ्टची पुली या पट्ट्याला फिरवते आणि त्यावर अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, काही मोटारींत पाण्याचा पंप व पॉवर स्टिअरिंगचा पंपही चालतो. सोय मोठी, पण पट्टा तुटला की ही सारी यंत्रे एकदम थांबतात. बॅटरीचा लाल दिवा लागतो, स्टिअरिंग जड होते. पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असेल, तर काही मिनिटांत इंजिन तापते. अशा वेळी ‘जरा पुढे जाऊन पाहू’ हा मोह इंजिनाच्या मुळावर येतो. मोटार कडेला घेऊन इंजिन बंद करावे, हेच श्रेयस्कर.

जुन्या रबराच्या पट्ट्यांना भेगा पडत व त्यावरून झीज कळे. आजच्या ईपीडीएम रबराच्या पट्ट्यांना सहसा भेगा पडत नाहीत. त्यांच्या धारा हळूहळू झिजतात. त्यामुळे पट्टा वरून धडधाकट दिसला म्हणून निश्चिंत राहू नये. मागची बाजू चकाकणे, कडेचे धागे सुटणे, तेल लागलेले असणे ही सारी बदलण्याची लक्षणे होत. पावसाळ्यात ओल्या पट्ट्याचा आवाज थोड्या वेळाने थांबला तर ठीक. रोजच होऊ लागला तर दुर्लक्ष करू नये.

नवा पट्टा घेताना जुन्यावरचा क्रमांक जुळवून पाहावा. ‘६ पीके १२००’ म्हणजे सहा धारा आणि १२०० मिलिमीटर लांबी. दुकानदार ‘चालेल साहेब’ म्हणाला तरी चार-सहा धारांची अदलाबदल मान्य करू नये.

काम सोसायटीच्या सपाट आवारात, थंड इंजिनावर करावे. किल्ली काढावी, हँडब्रेक ओढावा, बॅटरीची ऋण तार सोडवावी. सैल बाह्या, ओढणी, हातातले कडे दूर ठेवावे. इंजिन आडवे बसवलेल्या अनेक मोटारींत पट्ट्यापर्यंत पोचण्यासाठी पुढचे चाक काढावे लागते. तेव्हा केवळ जॅकच्या भरवशावर मोटारीखाली हात घालणे हा वेडेपणा आहे. भक्कम स्टँड हवाच.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पट्टा काढण्याआधी त्याच्या वाटेचे छायाचित्र घ्यावे. बॉनेटखाली चिकटवलेली आकृती सर्व मोटारींत नसते. या एका मिनिटाच्या कामाला फाटा दिल्यामुळे नवशिक्यांची दुपार वाया जाते.

पट्ट्याला ताण देणारी व्यवस्था कोणती, हे आता पाहावे. स्प्रिंगचा टेन्शनर असेल तर त्याच्या नटावर लांब दांड्याचा पाना लावून तो सावकाश वळवावा, पट्टा सर्वांत सुलभ गुळगुळीत पुलीवरून सरकवावा आणि टेन्शनर हळूच सोडावा. झटक्यात सुटला तर बोटे चिरडतील. अल्टरनेटरचा बोल्ट सैल करून ताण देण्याची रचना असेल, तर ताण किती ठेवायचा हे मोटारीच्या पुस्तिकेतूनच घ्यावे. तिसरा प्रकार टेन्शनरविना, ताणून बसवायच्या पट्ट्याचा. त्याला खास साधन लागते. येथे हौस बाजूला ठेवून मेकॅनिककडे जावे, असे आमचे स्पष्ट मत. टायमिंग बेल्ट ही तर वेगळीच वस्तू. ती आच्छादनाखाली असते. तिला हातही लावू नये.

पट्टा निघाला की प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहावी. घरघर किंवा हेलकावा जाणवला तर बेअरिंग संपले आहे आणि नवा पट्टा लवकरच बिघडेल. तेलाची किंवा कूलंटची गळती असल्यास आधी ती थांबवावी.

बसवताना धारा असलेली बाजू खाचांच्या पुलीवर, पाठ गुळगुळीत पुलीवर. टेन्शनर सोडल्यावर टॉर्चच्या उजेडात प्रत्येक खाच तपासावी. एक धार जरी बाहेर राहिली तरी पट्टा मिनिटांत फाटू शकतो. साधने उचलून, हात दूर ठेवून, बॅटरीची तार जोडून इंजिन मिनिटभर सुरू करावे. आवाज आला तर पट्ट्यावर साबण वा तेल फासू नये. इंजिन बंद करून पट्ट्याची बैठक पुन्हा पाहावी. बोल्टने ताण देण्याच्या मोटारींत काही दिवस चालवल्यावर ताण पुन्हा तपासावा लागतो, कारण नवा पट्टा किंचित सैलावतो. जुना पट्टा तुटलेला नसेल तर डिकीत ठेवावा. घोडबंदर रस्त्यावर मध्यरात्री दुकान उघडे मिळेलच असे नाही.