कॉन्ड्रॉइटिन सल्फेट आणि तंत्रिकांची पुनर्वाढ

कॉन्ड्रॉइटिन सल्फेट : तंत्रिका कोशिकांभोवतीच्या आधारद्रव्यातील शर्करांची लांब साखळी. ग्लुकुरोनिक अम्ल व एन-अ‍ॅसिटिल गॅलॅक्टोसामाइन या शर्करा तीत आलटून पालटून येतात आणि त्यांना सल्फेट गट जोडलेले असतात. ही साखळी प्रथिनाला जोडली गेली की प्रोटिओग्लायकन तयार होते.

कर्जतच्या शेतात भातकापणीत विळा लागून बोटातील तंत्रिका तुटली, तर शस्त्रक्रियेने टोके जुळवल्यावर तिचे तंतू दिवसाला सुमारे १ मिमी. वेगाने वाढू शकतात. खालापूर तालुक्यातून जाणाऱ्या मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरील अपघातात मेरुरज्जू दुखावला, तर मात्र तंतू जखमेपाशीच अडतात. याचे एक महत्त्वाचे कारण कॉन्ड्रॉइटिन सल्फेटच्या साखळ्या होत. इजेनंतर ताराकोशिका (मेरुरज्जूतील ताऱ्याच्या आकाराच्या आधार-कोशिका) जखमेभोवती वण तयार करतात. हा वण इजा पसरू देत नाही. पण त्यात प्रोटिओग्लायकने साचतात. त्यांच्या शर्करा-साखळ्या तंतूच्या टोकावरील ग्राहींना चिकटतात आणि वाढ थांबते. पीटीपी-सिग्मा हा असा ग्राही २००९ मध्ये ओळखला गेला.

प्रोटियस व्हल्गॅरिस या जीवाणूतील कॉन्ड्रॉइटिनेज एबीसी हे एंझाइम या साखळ्या तोडते. २००२ मध्ये ते दिलेल्या जखमी उंदरांत तंतूंची वाढ झाली व काही हालचाली सुधारल्या. शरीराच्या तापमानाला एंझाइम लवकर निष्क्रिय होते, ही मोठी अडचण आहे. माणसांसाठी हा उपचार अद्याप रूढ झालेला नाही. म्हणून अपघातग्रस्ताचा कणा न वाकवता, स्थिर ठेवून त्याला हलवणे अत्यंत महत्त्वाचे ठरते.