आरोग्यमंत्र्यांच्या हातात नेमकं काय होतं?

तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेट, नेट आणि प्रपोजलच्या धावपळीत असाल, म्हणून आज माझ्या पहिल्या प्रपोजलची फजिती सांगते. मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करून मी आरोग्याच्या इतिहासाकडे वळले. पहिल्या मसुद्यात मी झोकात लिहिलं होतं, 'राजकुमारी अमृत कौर यांनी १९४७ ते १९५७ या काळात देशाची आरोग्यव्यवस्था उभी केली.' गाईडनी त्या वाक्याखाली पेन्सिलीनं दोनच शब्द लिहिले: 'कोणत्या अधिकारात?' मी गप्प. लॅबमध्ये कंट्रोल न लावता प्रयोग करून निकाल दाखवायला गेल्यावर जसं होतं, अगदी तसं.

उत्तर राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत आहे, आणि ती काही मिनिटांत वाचून होते. सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, रुग्णालयं, दवाखाने हे सगळं राज्यसूचीत. १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी आरोग्य प्रांतांकडे दिलं होतं, घटनेनं तीच वाट पुढे चालू ठेवली. केंद्राकडे उरलं काय? बंदरांवरचं विलगीकरण, संशोधनाच्या आणि उच्च प्रशिक्षणाच्या संस्था. शिवाय राज्यांबरोबर सामाईक असे काही विषय: राज्याची हद्द ओलांडणारे साथरोग, औषधं, डॉक्टरकीचा व्यवसाय. म्हणजे देशाच्या आरोग्यमंत्र्यांना मुंबई राज्यातल्या एखाद्या जिल्हा रुग्णालयातली साधी नर्ससुद्धा बदलता येत नव्हती!

हे एकदा डोक्यात बसलं की त्या दहा वर्षांकडे वेगळं बघता येतं. एम्सचंच घ्या. सर जोसेफ भोर (हे मूळचे नाशिकचे, बऱ्याच जणांना माहीत नसतं) यांच्या समितीनं १९४६ च्या अहवालात राष्ट्रीय पातळीवरच्या एका वैद्यकीय संस्थेची शिफारस केली होती. पैसा हवा होता. न्यूझीलंडनं कोलंबो योजनेतून दहा लाख पौंड दिले. अमृत कौर यांनी विधेयक लोकसभेत आणलं आणि १९५६ चा कायदा झाला. त्या कायद्यात ही संस्था 'राष्ट्रीय महत्त्वाची' असल्याचं जाहीर केलेलं आहे. वाचताना हे शब्द गौरवाचे वाटतात. मलाही वाटले होते. पण संघसूचीत अशा संस्थांसाठी वेगळी नोंद आहे, आणि संसदेनं कायद्यानं तसं जाहीर केलं की संस्था केंद्राच्या अखत्यारीत येते. ते शब्द म्हणजे कुलपाची किल्ली होती. पुढे त्यांनी आपलं सिमल्याचं 'मॅनरव्हिल' हे घरही एम्सला देऊन टाकलं. त्यांच्या चरित्रांत घराचा किस्सा हमखास येतो, किल्लीचा क्वचितच.

जिथं अशी किल्ली नव्हती तिथं काय झालं? क्षयरोगावरची बीसीजी लस बघा. मद्रासजवळ गिंडीला १९४८ मध्ये लस बनवणारी प्रयोगशाळा सुरू झाली, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेची मदत आली. पण केंद्र लस, प्रशिक्षण आणि पैसा देऊ शकत होतं. मोहीम गावोगाव न्यायची ती राज्यांनी. अशात १९५५ मध्ये राजाजींनी बीसीजीविरुद्ध थेट पुस्तिकाच काढली. माजी गव्हर्नर जनरल, मद्रासचे माजी मुख्यमंत्री. त्यांचा शब्द कुणी ऐकणार नाही असं कसं होईल? अमृत कौर यांना लसीची बाजू जाहीरपणे मांडत राहावं लागलं. हुकूम सोडणं त्यांच्या हातात नव्हतंच.

प्राथमिक आरोग्य केंद्रांबद्दल थोडक्यात: २ ऑक्टोबर १९५२ ला सुरू झालेल्या सामुदायिक विकास कार्यक्रमातून ती आली, आणि तो कार्यक्रम आरोग्य मंत्रालयाचा नव्हता. तेव्हा त्याचं श्रेय त्यांच्या नावावर लिहिताना जरा थांबा.

आता मला सगळ्यात जास्त छळणारा भाग, कुटुंबनियोजन. पहिल्या पंचवार्षिक योजनेत त्यासाठी ६५ लाख रुपये ठेवले होते. इथं पैसा केंद्राचा, योजनाही केंद्राची. पण अमृत कौर या गांधीजींच्या अनेक वर्षांच्या सचिव, संततिनियमनाची कृत्रिम साधनं त्यांना मान्य नव्हती. त्यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेमार्फत डॉ. अब्राहम स्टोन यांना बोलावलं, तेही पाळीच्या चक्रातले 'सुरक्षित दिवस' मोजण्याच्या पद्धतीवर सल्ला घ्यायला. दिवस मोजण्यासाठी बायकांना रंगीत मण्यांच्या माळा दिल्या गेल्या. प्रयोग फसला, आणि ६५ लाखांतला बराचसा पैसा खर्चच झाला नाही. दुसऱ्या पद्धती कुणाला ठाऊक नव्हत्या असंही नाही. र. धों. कर्वे यांनी मुंबईत १९२१ मध्येच केंद्र काढलं होतं, आणि 'समाजस्वास्थ्य' ते १९५३ मध्ये वारले तोवर चालू होतं.

या सगळ्यात मंत्र्यांचा स्वतःचा ठसा कुठं दिसतो? एम्समध्ये दिसतो, पण तिथं भोर समिती आहे, न्यूझीलंडचे पौंड आहेत. मला तो सगळ्यात स्पष्ट दिसतो न झालेल्या खर्चात. तिथं वाटेत दुसरं कुणी फारसं नव्हतं. त्या माळा हातात घेणाऱ्या बायकांचं काय झालं, हा प्रश्न मी अजून बाजूला ठेवू शकलेले नाही.

प्रपोजलमधलं ते वाक्य आता असं झालंय: 'अमृत कौर यांनी काय सुरू केलं, काय रेटलं आणि काय अडवून धरलं, हे केंद्राच्या अधिकारांच्या मर्यादेत तपासणे.' गाईडनी यावरही पेन्सिल चालवलीच: 'अडवून धरलेलं कुठं सापडणार?' लोकसभेतल्या चर्चा आता ऑनलाइन वाचता येतात, तारांकित प्रश्नांपासून सुरुवात केलीये. आणि सध्या टेबलावर अंदाजपत्रकातले दोन रकाने शेजारीशेजारी ठेवून बसलेय: तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च.