बसरा स्मारक

बसरा स्मारक : पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कामी आलेल्या आणि ज्यांची कबर वा दहनाची जागा माहीत नाही अशा ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांचे स्मारक. १९१४ च्या हिवाळ्याच्या तोंडापासून ऑगस्ट १९२१ अखेरपर्यंतच्या ४०,५०० हून अधिक मृतांची त्यावर नोंद आहे आणि त्यांत बहुसंख्य हिंदी फौजेतले आहेत. सातारा व सांगली या जिल्ह्यांशी स्मारकाचा संबंध येतो तो मराठा पलटणींमुळे. त्या काळी तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ मध्ये झाला आणि त्याचे नाव सांगली झाले ते १९६० मध्ये. जुन्या लष्करी कागदांत या गावांपुढे ‘सातारा’ असेच लिहिलेले असते, हे शोध घेणाऱ्याने आधी ध्यानात घ्यावे.

माण-खटावसारख्या कमी पावसाच्या मुलुखात शेतीवर घर चालत नसे आणि पलटणीतली नोकरी म्हणजे महिन्याच्या महिन्याला येणारा पैसा. शौर्याची परंपरा होतीच, पण भरतीमागे हे रोकडे कारणही होते. सातारा तालुक्यातील अपशिंगे या गावाला तर ‘मिलिटरी’ हे उपपदच चिकटले आहे. पहिल्या महायुद्धात गावचे ४६ जवान पडले, असे तिथे सांगतात.

तुर्कस्तान युद्धात उतरताच नोव्हेंबर १९१४ मध्ये सहावी (पुणे) डिव्हिजन शत-अल-अरबच्या मुखाशी उतरली. इराणी आखाताजवळच्या तेलाचे रक्षण हा मुख्य हेतू. डिव्हिजनच्या तीन ब्रिगेडांत १०३, ११० आणि ११७ अशी एकेक मराठा पलटण होती. त्यांत देशावरचे मराठे, कोकणी मराठे आणि दख्खनी मुसलमान एकत्र लढले. बसरा त्याच महिन्यात हाती आले. १९१५ च्या एप्रिलमधील शैबाच्या लढाईनंतर या डिव्हिजनचा सेनापती जनरल टाउनशेंड याची फौज बगदादच्या ओढीने वर सरकली, टेसिफोनला अडली आणि माघार घेऊन कुत-अल-अमारा येथे कोंडली गेली. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा हा वेढा चालला. धान्य संपत आल्यावर घोडे कापले गेले. ते मांस खायला हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी एप्रिलपर्यंत धर्माच्या कारणाने नकार दिला आणि स्कर्व्हीने, उपासमारीने ते आधीच खचले. शेवटी सुमारे १३,००० जणांनी शस्त्रे ठेवली. त्यांतल्या साध्या शिपायांना वाळवंटातून पायी हाकत नेले आणि रास-अल-ऐनकडच्या रेल्वेच्या कामाला जुंपले. वाटेत पडलेल्यांना धड कबर लाभली नाही. मेसोपोटेमियातील कामगिरीबद्दल ११७ व्या पलटणीला १९२१ मध्ये ‘रॉयल’ हा किताब मिळाला.

स्मारकाचा आराखडा एडवर्ड वॉरन यांचा. पांढऱ्या दगडी खांबांची लांब ओळ, मधोमध उंच चौकोनी स्तंभ आणि खांबांमागच्या भिंतीवर नावांच्या शिळा, अशी त्याची रचना आहे. २७ मार्च १९२९ रोजी सर गिल्बर्ट क्लेटन यांनी त्याचे अनावरण केले. मूळ जागा बसऱ्याजवळ माकिल येथे नदीकाठच्या नौदल गोदीवर होती. १९९७ मध्ये सद्दाम हुसेन यांच्या हुकमाने सारे बांधकाम उचलून नासिरियाच्या रस्त्यावर सुमारे ३२ कि.मी. आत वाळवंटात नेण्यात आले. तो टापू १९९१ च्या आखाती युद्धाची रणभूमी. त्यानंतरच्या लढायांमुळे तिथे पोहोचणे सामान्य माणसाला कठीणच राहिले.

पण या स्मारकाचा खरा दोष जागेचा नाही. शिळांवर ब्रिटिश सैनिकांची नावे हुद्द्यांसह आहेत. हिंदी पलटणींच्या खाली मात्र सुभेदार-जमादारांपर्यंतची नावे कोरली आणि हवालदार, नाईक, शिपाई यांचा नुसता आकडा दिला. मरणानंतर हुद्दा, वंश, धर्म पाहायचा नाही, हे स्मारक उभारणाऱ्या युद्धसमाधी आयोगाचे स्वतःचेच तत्त्व होते. फ्रान्समधील नव्ह-शापेल येथे १९२७ मध्ये याच आयोगाने ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे कोरली. युरोपात जमले ते आशियात जमले नाही, याला दगडाची टंचाई हे कारण असू शकत नाही. शिपायाच्या घरच्यांना कोरीव नावाचे अगत्य नसते, अशी अधिकाऱ्यांची सोयीची समजूत होती. २०२१ मध्ये आयोगानेच नेमलेल्या समितीने हा भेदभाव मान्य केला. त्यानंतर ब्रिटनचे संरक्षणमंत्री बेन वॉलेस यांनी २२ एप्रिल २०२१ रोजी संसदेत माफी मागितली.

नावे हरवलेली नाहीत. आयोगाच्या संकेतस्थळावरील सूचीत बसरा स्मारकाखाली हिंदी शिपायांच्याही नोंदी आहेत. अनेकांपुढे पलटण, क्रमांक, मृत्यूची तारीख आणि वडिलांचे नाव, गाव, तालुका असा तपशील मिळतो. गावांचे इंग्रजी स्पेलिंग मात्र कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे, म्हणून एकाच गावाची दोन-तीन रूपे करून पाहावीत. पणजोबा ‘बसऱ्याच्या लढाईला’ गेले आणि परतले नाहीत, असे ज्या घरात सांगतात, त्यांनी पलटणीचा क्रमांक आणि जुना तालुका हाताशी घेऊन ही सूची जरूर चाळावी.