लहान मुलाचं तोंड आलंय? मग जेवायला काय द्याल?

तोंडात फोड आले की घास झोंबतो आणि मूल जेवायलाच नको म्हणतं. हात-पाय-तोंड या आजारातले फोड साधारण 7 ते 10 दिवसांत बरे होतात. तोवर जेवण थोडं कमी झालं तरी चालेल, पण पोटात पाणी गेलंच पाहिजे.

काय द्यावं : गुरगुट्या भात, तांदळाची पेज, दुधातलं नाचणीचं सत्त्व, कुस्करलेलं केळं, आंबट नसलेलं ताजं दही. सगळं कोमट किंवा गार करून, थोडं-थोडं भरवा. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध चालूच ठेवा.

काय टाळावं : तिखट, खारट, लिंबू-संत्र्याचा रस, चिरमुरे, टोस्ट. तोंड आलं की मध लावायची पद्धत घरोघरी आहे, पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको. त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. बधिर करणारी जेलही मनानं लावू नका.

डॉक्टरांकडे कधी : 6 ते 8 तास लघवी नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, मूल मलूल पडलंय किंवा ताप तीन दिवसांनंतरही उतरत नाही, तर थांबू नका.