काटेरी तार, खुर्ची आणि पिलाटीज

पिलाटीजच्या स्टुडिओत गेलात की बहुतेक वेळा सहा शब्द कानावर पडतात: एकाग्रता, नियंत्रण, केंद्र, अचूकता, श्वास, प्रवाह. हल्ली हेच शब्द ऑफिसच्या वेलनेस सेशनमध्येही भेटतात. 'पिलाटीजची सहा तत्त्वं कामात कशी वापराल' अशा धाटणीचं एखादं रील तुमच्याही फीडमधून सरकून गेलं असेल.

गंमत अशी, की ही यादी पिलाटीजनं केलेलीच नाही. पिलाटीज हे मुळात एका माणसाचं आडनाव. जोसेफ पिलाटीज १९६७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वारला. सहा तत्त्वांची यादी छापून आली १९८० मध्ये, फिलिप फ्रीडमन आणि गेल आयझन यांच्या पुस्तकात. म्हणजे तो गेल्यावर तेरा वर्षांनी. यादी खोटी नाही, त्याच्या शिकवण्यातूनच ती वेचलेली आहे. पण यादी हातात आली की आपण ती पाठ करतो आणि ती कुठून आली हे विचारायचं राहून जातं. या शब्दांच्या बाबतीत ते विचारायलाच हवं, कारण उत्तर कुठल्याही चकचकीत स्टुडिओत सापडत नाही. ते सापडतं एका कैदछावणीत.

जोसेफचा जन्म १८८३ मध्ये जर्मनीतल्या म्योन्शनग्लाडबाखचा. लहानपणी दमा आणि मुडदूस यांनी त्याला ग्रासलं होतं, असं तो पुढे सांगायचा. अशा किरकोळ प्रकृतीच्या मुलानं शरीर कमावण्याचा ध्यास घेतला यात नवल नाही, कारण तो काळच तसा होता. आपल्या बिनबाह्यांच्या बनियनला ज्याचं नाव चिकटलं तो युजेन सँडो त्याच काळातला. सँडोची पद्धत तेव्हा जगभर पोचली होती. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनीही काही वर्षं सँडोच्या पद्धतीनं व्यायाम केला, मग ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि पुढे आयुष्यभर त्यांचा प्रचार करत राहिले. राजेसाहेबांचा रस्ता वेगळा आणि पिलाटीजचा वेगळा. तरी दोघांच्या व्यायामात एक साम्य आहे: अंग पसरता येईल एवढी जागा, ठरलेला क्रम आणि प्रत्येक हालचालीला जोडलेला श्वास.

पहिल्या महायुद्धाच्या जरा आधी जोसेफ इंग्लंडला गेला होता. युद्ध पेटलं आणि ब्रिटनमधले जर्मन पुरुष एका रात्रीत 'शत्रुदेशाचे नागरिक' झाले. हजारोंना स्थानबद्ध केलं गेलं. जोसेफची रवानगी झाली आइल ऑफ मॅन बेटावरच्या नॉकॅलो छावणीत. लाकडी बराकी, चिखल आणि सभोवती काटेरी तार. एका वेळी वीस हजारांहून जास्त पुरुष तिथे होते. त्यात न्हावी होते, वेटर होते, खलाशी होते, व्यापारी होते. त्यांच्यावर कुठलाही गुन्हा नव्हता, त्यामुळे शिक्षेची मुदतही नव्हती. युद्ध संपेपर्यंत थांबायचं, आणि युद्ध कधी संपणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

अशा छावण्यांमधल्या माणसांचं काय होतं हे ॲडॉल्फ फिशर या स्विस डॉक्टरनं पाहिलं आणि १९१८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यानं या अवस्थेला नाव दिलं 'काटेरी तारेचा आजार'. लक्षणं अशी: मन कशावरच ठरत नाही, क्षुल्लक गोष्टीवरून संताप येतो, आठवण दगा देते, सगळ्यांवर संशय येतो. आयुष्य थांबलंय आणि शेजारी मात्र चोवीस तास माणसं आहेत, एक क्षणही एकांत नाही.

आता 'एकाग्रता' हा शब्द पुन्हा वाचून बघा. या माणसांच्या हातून सगळ्यात आधी निसटत होती ती एकाग्रताच. 'नियंत्रण' हा शब्दही बघा. कधी उठायचं, काय खायचं, घरी कधी जायचं, यातलं काहीच त्यांच्या हातात नव्हतं. स्वतःचं शरीर तेवढं होतं.

छावणीत जो तो आपापला उपाय शोधत होता. कुणी टोपल्या विणायचं, कुणी हाडांवर कोरीवकाम करायचं, कुणी फर्निचर बनवायचं. जेम्स बेली नावाच्या क्वेकर शिक्षकानं तिथे हस्तकलेच्या कामाची घडी बसवली. जोसेफ व्यायाम शिकवत होता. खाटेला स्प्रिंगा बांधून त्यानं अंथरुणाला खिळलेल्यांकडून व्यायाम करून घेतला, ही त्याच्याबद्दलची सगळ्यात लाडकी गोष्ट. १९१८ च्या फ्लूच्या साथीत त्याचा एकही शिष्य दगावला नाही असंही सांगतात, पण ती आख्यायिकेच्या खात्यात टाकलेली बरी. निर्विवाद आहे ते एवढंच, की पुढे ज्या पद्धतीला त्यानं 'कंट्रोलॉजी' म्हटलं, तिचा पाया त्यानं या दिवसांशी जोडला.

१९२६ मध्ये तो न्यूयॉर्कला आला. जहाजावर भेटलेली क्लारा त्याची जन्माची जोडीदार झाली. आठव्या ॲव्हेन्यूवर ९३९ क्रमांकाच्या इमारतीत दोघांनी स्टुडिओ थाटला. जो तापट, सिगार ओढणारा. क्लारा शांत, समोरच्याचं दुखणं ओळखून शिकवणारी. त्याच्या पद्धतीचं आज दिसणारं रूप घडण्यात तिचाही मोठा वाटा आहे. जॉर्ज बॅलन्शीनसारख्या नृत्यदिग्दर्शकांच्या नर्तकांना तिथे पाठवलं जाऊ लागलं आणि पिलाटीज म्हणजे नर्तकांचा व्यायाम असं समीकरण जुळलं.

जोच्या डोक्यात मात्र फक्त नर्तक नव्हते. १९४५ मध्ये त्याचं 'रिटर्न टू लाइफ थ्रू कंट्रोलॉजी' आलं. त्यात चौतीस व्यायाम आहेत आणि फोटोंत साठीच्या आसपासचा जो स्वतः आहे. तंदुरुस्त कुणाला म्हणावं, याचं त्याचं उत्तर साधं आहे: जो आपली रोजची कामं सहज आणि आनंदानं करू शकतो आणि तरी ज्याच्यात जीव शिल्लक राहतो, तो. सिक्स पॅकचा उल्लेख नाही. आठवड्यातून चार दिवस, तीन महिने नेमानं करा, एवढीच त्याची अट. ढिसाळपणे तासभर घाम गाळण्यापेक्षा मोजक्या हालचाली नेटक्या करा, हा त्याचा आग्रह.

त्याचा पहिलाच व्यायाम घ्या, 'हंड्रेड'. उताणं झोपून डोकं आणि पाय उचलायचे, हात शरीरालगत वरखाली करायचे. पाच मोजेपर्यंत श्वास आत, पाच मोजेपर्यंत बाहेर. असे दहा श्वास, म्हणजे शंभर ठोके. एवढ्यात ती साही तत्त्वं येऊन जातात. मोजताना लक्ष उडालं की चुकतं. पोट सैल सोडलं की मान दुखते. घाई केली की श्वास तुटतो.

याचं रोजच्या आयुष्यात भाषांतर करायला मराठीत नवे शब्द लागत नाहीत. 'केंद्र' म्हणजे आपलं 'कंबर कसणं'. पाण्याची बादली किंवा गॅसचा सिलिंडर उचलण्याआधी पोट आत घ्या, वजन अंगाजवळ आणा, मग गुडघ्यांतून उठा. 'श्वास' म्हणजे 'दमानं घे'. साहेबांचा मेल उघडताना आपण श्वास रोखून धरतो का, हे एकदा पकडून बघा. 'अचूकता' म्हणजे एका वेळी एक काम: कॉल चालू असताना चॅटला उत्तर देणं आणि मध्येच एक्सेल भरणं नव्हे. 'प्रवाह' म्हणजे एका कामातून दुसऱ्यात जाताना मधला अर्धा मिनिट उठून उभं राहणं, म्हणजे मागचं काम मानेवर बसून पुढच्यात येत नाही.

हे सगळं उपयोगी आहे. पण नेमकी इथेच ती जुनी छावणी आठवायला हवी. 'श्वासावर लक्ष द्या, स्वतःवर नियंत्रण ठेवा' हे रोज बारा तास राबणाऱ्याला सांगणं फार स्वस्तात पडतं. मान दुखते? तुमचं पोश्चर चुकतंय. झोप येत नाही? तुमची एकाग्रता कमी पडते. दोष नेहमी शरीराचा, कामाच्या तासांचा कधीच नाही. नॉकॅलोच्या माणसांना व्यायामानं दिवस काढायला बळ दिलं असेल. पण काटेरी तारेच्या आजारावर खरा उपाय एकच होता: सुटका.

जोसेफलाही दोष फक्त शरीराला देणं मान्य नव्हतं. १९३४ च्या 'युअर हेल्थ' या छोट्या, चिडक्या पुस्तकात तो लोकांच्या सवयींवर घसरतो, डॉक्टरांवर घसरतो आणि खुर्च्या-पलंगांनाही सोडत नाही. ते चुकीच्या आकाराचे आहेत आणि माणसाला वाकडं करतात, असं त्याचं म्हणणं. मग त्यानं स्वतःच नव्या आकाराच्या खुर्च्या आणि पलंग आखले. त्याची 'वुंडा चेअर' दिवसा घरातली साधी खुर्ची असायची आणि उलटवली की व्यायामाचं यंत्र व्हायची. कणा सरळ करा म्हणताना तो खुर्चीही बदलत होता.

पिलाटीज हे नाव आज कुणाच्याही मालकीचं नाही. २००० मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टानं ठरवलं, की योगासारखंच हेही एका व्यायामप्रकाराचं सर्वसाधारण नाव आहे, त्यावर ट्रेडमार्क चालणार नाही. त्यामुळे हजारोंची फी नसली तरी अडत नाही. सतरंजी टाका, शंभर ठोके मोजा. डॉक्टरांनी पाठीबद्दल काही बजावलं असेल तर आधी त्यांना विचारा.

उद्या कामाला बसाल तेव्हा खांदे कानांजवळ गेलेत का बघा आणि खाली आणा. तासाभरानं ते पुन्हा वर गेले असतील तर आणखी एक गोष्ट बघा: खुर्चीची उंची, स्क्रीनची जागा, आणि घड्याळात वाजलेत किती. खांदे आपण खाली आणू शकतो. बाकीच्या तीन गोष्टींबद्दल तोंड उघडून कुणाला तरी सांगावं लागेल.