मुलांची माहिती मागितली तर द्यायची का? नवा डेटा कायदा काय सांगतो, वाचा

क्लासचा फॉर्म असो की मोबाईलवरचा गेम, मुलाचं नाव, जन्मतारीख, फोटो, आधार नंबर सगळीकडे मागितला जातो. ही माहिती जपण्यासाठी डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले.

मूल म्हणजे कोण?
१८ वर्षं पूर्ण न झालेली प्रत्येक व्यक्ती. म्हणजे बारावीत शिकणारा १७ वर्षांचा मुलगाही यात येतो.

कंपन्यांवर बंधनं काय?
- मुलाची माहिती घेण्याआधी आई-वडील किंवा कायदेशीर पालकाची संमती हवी. नुसती टिक चालणार नाही. संमती देणारा खरंच सज्ञान आहे का, हे कंपनीने तपासायचं आहे. त्यासाठी डिजीलॉकरचाही वापर होऊ शकतो.
- मूल काय बघतं यावर पाळत ठेवून त्याला जाहिराती दाखवता येणार नाहीत.
- नियम मोडल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड. मात्र ही रक्कम सरकारी तिजोरीत जाते, पालकांना मिळत नाही.

सूट कुणाला?
शाळा, अंगणवाडीसारखी बालसंगोपन केंद्रं आणि दवाखाने यांना ठरावीक कामापुरती सूट आहे. शिक्षण, उपचार किंवा मुलाची सुरक्षितता, एवढ्यापुरतीच.

कागदी फॉर्मचं काय?
कागदावरची माहिती नंतर कॉम्प्युटरमध्ये भरली, तर तिलाही कायदा लागू होतो. वहीतच राहिली तर नाही.

कधीपासून लागू?
संमतीचे मुख्य नियम १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होणार आहेत. तोपर्यंत पालकांनाच सावध राहावं लागेल.

तक्रार कुठे?
कायदा लागू झाल्यावर दिलेली संमती मागे घेता येईल, माहिती पुसायला सांगता येईल. आधी कंपनीकडे तक्रार करायची. दाद मिळाली नाही तर डेटा संरक्षण मंडळाकडे जाता येईल.

आत्ताच काय करावं?
- आधारची प्रत द्यावी लागलीच तर शेवटचे चारच आकडे दिसणारी 'मास्क्ड' प्रत द्या.
- ॲप टाकताना फोटो, लोकेशन, कॉन्टॅक्टची परवानगी गरज नसेल तर नाकारा.
- मुलाचं वय वाढवून खातं उघडू नका. कंपनीला तो मोठा वाटला, तर मुलांसाठीचं संरक्षण मिळणं अवघड होतं.
- गुणपत्रिका, दाखल्यांचे फोटो गावच्या ग्रुपवर टाकू नका.
- ऑनलाइन फसवणूक झाल्यास लगेच १९३० वर फोन करा. मूल अडचणीत असेल तर १०९८.