प्रस्तावना : क्रम कोणाच्या हाती?

विल क्राउदर अर्पानेट या संगणक-जाळ्याच्या उभारणीत काम करणारा प्रोग्रामर होता, आणि फावल्या वेळात केंटकीतल्या मॅमथ केव्हच्या गुहांत उतरून त्यांचे नकाशे काढणारा गुहावेडाही. १९७६ च्या सुमारास त्याने त्याच गुहांवर बेतलेला एक गेम लिहिला. त्यात चित्र एकही नव्हते. पडद्यावर दोन-चार ओळींत जागेचे वर्णन येई, आपण दिशा टंकायची, की पुढची जागा समोर. पुढच्या वर्षी स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सने त्यात भर घातली. 'कोलॉसल केव्ह ॲडव्हेंचर' हा कथाप्रधान गेमच्या घराण्याचा मूळपुरुष मानला जातो. गंमत अशी, की त्यात गोष्ट म्हणावी असे फारसे काही नाहीच. आहे तो नकाशा. या माध्यमात आधी जागा बांधली गेली, गोष्ट तिथे मागाहून राहायला आली.

या विषयाच्या उंबऱ्यावर आलेल्या वाचकाला हे आधीच सांगितलेले बरे. कादंबऱ्या आणि सिनेमांवर वाढलेल्यांना वाटते की गोष्ट मुळात सरळ चालते आणि खेळाडूला मोकळे सोडले की विस्कटते. गेम खेळत वाढलेल्यांना वाटते की खेळाडूचे बोट धरणे हा त्याचा अपमान. दोघांचेही थोडेथोडे खरे आहे. पण 'बांधलेली गोष्ट की मोकळी भटकंती' असा सामना लावला की वाद झटकन रंगतो आणि तितक्याच झटकन थकतो. मला जास्त कामाचा वाटलेला प्रश्न निराळा आहे: कशाच्या आधी काय कळावे, हे ठरवतो कोण?

१९९८ च्या 'हाफ-लाइफ'ची सुरुवात पाहा. गॉर्डन फ्रीमन ट्रॅमने ब्लॅक मेसा या संशोधनकेंद्रात कामावर निघाला आहे. डब्यात हवे तसे फिरा, या खिडकीतून बघा नाहीतर त्या. ट्रॅम मात्र आपल्या रुळांवरून, आपल्या चालीने जाते. क्रम सगळा लेखकाचा, नजर सगळी खेळाडूची. ज्याला आपण एकरेषीय कथन म्हणतो, त्यातही एवढी मोकळीक असते.

उलट, २०१३ चा 'गॉन होम' दिसायला अगदी मोकळा आहे. १९९५ सालच्या जूनमध्ये, वर्षभर युरोपात हिंडून एक मुलगी ओरेगॉनमधल्या घरी पोचते, तर घरात चिटपाखरू नाही. ती बाहेर असतानाच कुटुंब या घरात राहायला आले, त्यामुळे ते तिलाही खेळाडूइतकेच परके. खण उपसा, चिठ्ठ्या वाचा, दिवे लावा. पण काही दारांना कुलपे आहेत, आणि त्यांपलीकडे जायचे उपाय अशा ठिकाणी ठेवले आहेत की धाकट्या बहिणीची कहाणी जवळपास हव्या त्याच क्रमाने उलगडावी. प्रकरणे पाडण्याचे काम इथे कुलपांनी केले आहे.

लेखकाचा क्रम आणि खेळाडूची मोकळीक यांतला सांधा निसटतो, तोही पाहण्यासारखा असतो. 'रेड डेड रिडेम्प्शन २' (२०१८) मध्ये घोडा हवा तिकडे दौडवा, शिकार करा, नदीकाठी गळ टाकून बसा. मोहीम सुरू झाली की मात्र आखलेल्या वाटेपासून जरा भरकटलात तरी ती फसल्याची पाटी समोर येते. एकाच घरात दोन यजमान: एक म्हणतो घर आपलेच समजा, दुसरा म्हणतो सतरंजीवरून उठू नका. नायक आर्थर मॉर्गनची शोकांतिका आतून हलवते हे मान्य करूनही मला हे खटकतेच.

माझ्या मते या प्रश्नाचे सर्वांत धीट उत्तर 'आउटर वाइल्ड्स'ने (२०१९) दिले. ॲलेक्स बीचमच्या पदव्युत्तर शिक्षणातल्या प्रबंध-प्रकल्पातून तो वाढला. एक चिमुकली सूर्यमाला आणि ठोकून-ठाकून उभे केलेले एक यान. कुठल्याही ग्रहावर आधी जा. बावीस मिनिटांनी सूर्य फुटतो आणि तुम्ही पुन्हा शेकोटीपाशी जागे होता. शस्त्र वाढत नाही, ताकद वाढत नाही. पुढच्या फेरीत सोबत येते ते फक्त कळलेले. ज्याला सगळे ठाऊक आहे तो एका फेरीतही शेवट गाठू शकतो. म्हणजे 'गॉन होम'मध्ये दारांवर असलेली कुलपे इथे खेळाडूच्या डोक्यात आहेत. तरीही लेखक गैरहजर नाही. एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन जुळ्या ग्रहांपैकी एकावरची वाळू धार लावून दुसऱ्यावर ओतत राहते. इकडच्या गुहा भरत जातात, तिकडचे गाडलेले मनोरे उघडे पडतात. आधी कुठे जा, असे कोणी सांगत नाही. उशीर केलात तर गुहा बुजलेली असते, एवढेच.

अभ्यासकांचे भांडणही याच जागेवरचे. १९९७ साली जॅनेट मरे आणि एस्पेन आर्सेथ यांची पुस्तके आली, २००१ मध्ये 'गेम स्टडीज' हे नियतकालिक निघाले, आणि गेम कथा म्हणून वाचावा की नियमांची रचना म्हणून तपासावा, यावर पुष्कळ शाई खर्च झाली. हेन्री जेनकिन्सने २००४ मध्ये त्यातून वाट काढली: गेम रचणारा हा कथेकऱ्यापेक्षा वास्तुरचनाकाराच्या जवळचा. नव्या वाचकाने, मी म्हणेन, इथूनच सुरुवात करावी. भारतातून या चर्चेत उतरायचे तर सौविक मुखर्जी यांचे २०१५ चे पुस्तक हाताशी असावे.

आणि पुणेही या नकाशावर आहे. तिथल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' (२०२०) उघडउघड एका वाटेचा आहे: भावाला शोधणारी बहीण, आणि पुढे, अजून पुढे. पण वाटेत भिंतींवर देवादिकांची चित्रे आहेत. त्यांच्यापाशी थांबलात तर गोष्ट ऐकू येते, न थांबलात तर राजी तशीच पुढे जाते. अफाट मोकळे जग बांधणे लहान चमूला झेपणारे नसते. वाट एकच ठेवून थांबायचे कुठे हे खेळाडूवर सोपवणे, हा त्यावरचा शहाणा तोडगा आहे.

एक व्यावहारिक सूचना. पुढच्या पानांत वर आलेल्या बहुतेक गेमचे शेवट उघड केले आहेत. विश्लेषणाला इलाज नसतो. बाकीच्यांचे शेवट कळूनही ते खेळता येतात. 'आउटर वाइल्ड्स' तसा नाही. त्यात कळणे हाच खेळ, आणि कळलेले परत करता येत नाही. ज्यांनी तो खेळलेला नाही त्यांनी पुस्तक इथेच मिटून ठेवावे. आम्ही थांबतो.